जागरणाचे राग

हिंदुस्थानी संगीतातला रागसमयाचा सिद्धान्त पुस्तकात वाचला, तर तो आगगाडीच्या वेळापत्रकासारखा वाटतो. पूर्वांगवादी राग दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगवादी राग रात्री बारा ते दुपारी बारा, पहाटे-सायंकाळी संधिप्रकाश राग, अशी ती विभागणी. भातखंड्यांनी ती नीटनेटकी मांडली आणि पुढे संगीत विद्यालयांच्या परीक्षांनी ती पाठांतराच्या पातळीवर आणून ठेवली. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच. पण भूपाचा वादी गंधार, म्हणून तो रात्रीच्या पहिल्या प्रहरात, आणि देसकाराचा वादी धैवत, म्हणून तो सकाळी. पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर तेच. पण पूरिया मंद्र-मध्य सप्तकात रेंगाळतो म्हणून दिवेलागणीचा, आणि सोहनी तार सप्तकाकडे झेपावते म्हणून उत्तररात्रीची. हे सगळे खरे असले तरी कुणालाही प्रश्न पडेल की हे स्वर घड्याळ पाहतात काय?

या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्यापाशी आहे, ते मला मैफलींनी दिले. मी गाणारा नाही. नव्वदीच्या दशकापासून पुण्यात आणि पुण्याबाहेर, जमेल तेव्हा, जमेल तिथे जाऊन बसलेला एक साधा श्रोता आहे. ऐकलेल्या बहुतेक मैफली स्मरणातून निसटल्या. ज्या राहिल्या, त्यांचा एकत्र विचार करताना लक्षात येते की त्या सगळ्यांनी मला एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगितली आहे. ती सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, 1952 साली निवर्तले आणि 1953 पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूचे हे ऋण अर्धशतकाहून अधिक काळ फेडले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा महोत्सव न्यू इंग्लिश स्कूल, रमणबागेच्या पटांगणात रात्र रात्र चालत असे. डिसेंबरची थंडी, मांडवाखाली सतरंज्यांवर शालीत आणि कानटोपीत गुरफटलेली माणसे, मागच्या बाजूला चहाचे आणि कॅसेटींचे स्टॉल. आत गाणे रंगत असताना बाहेर त्याच गाण्यावर तावातावाने वाद घालणारे लोकही असत. त्यातल्या काहींना आत जाण्याची मुळीच घाई नसे.

त्या रात्रींचे रम्य वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला मात्र आठवते ते त्यांचे अडचणीचे रूप. साडेदहा-अकरापर्यंत माणूस ताजातवाना असतो, चिकित्सक असतो. गायकाने लावलेला निषाद थोडा चढा आहे का, तबलजी पुढे पुढे धावतो आहे का, याकडे त्याचे लक्ष असते. बाराच्या पुढे पाठ बोलू लागते. एकच्या सुमारास डोळे जड होतात. शेजारचा गृहस्थ झोपेत आपल्या खांद्यावर कलतो आणि समेवर आपोआप जागा होऊन ‘क्या बात है’ म्हणतो. दोन वाजता चहा. त्यानंतर मात्र एक विचित्र अवस्था येते. शरीर थकलेले असते, मनाचा परीक्षकपणा गळून पडलेला असतो, घरची कामे, उद्याची कचेरी, सगळे फार दूर गेलेले असते, आणि कान मात्र टक्क उघडे असतात. अशा अवस्थेत कुणी दरबारीचा आंदोलित गंधार लावला, की तो स्वर ऐकू येतो म्हणण्यापेक्षा आपल्यावर उतरतो म्हणावे. तोच दरबारी मी घरी, रात्री नऊ वाजता, जेवण झाल्यावर, उत्तम ध्वनियंत्रणेवर पुष्कळदा ऐकला आहे. तो सुंदर असतो. पण मी त्याच्यासमोर आरामखुर्चीत बसलेला असतो. रमणबागेत बसायला खुर्ची नव्हती आणि माझ्यात आरामही उरला नव्हता.

शेवटच्या रात्रीनंतरची सकाळ तर निराळीच. उजाडलेले असे, मांडवाच्या फटींतून ऊन येऊ लागलेले असे, माणसांचे चेहरे ओढलेले आणि तरी उजळलेले असत. महोत्सवाचा समारोप भीमसेनजींनी करायचा हा तेव्हाचा रिवाज होता. पुढच्या काळात ती जबाबदारी डॉ. प्रभा अत्रे यांनी अनेक वर्षे सांभाळली. आणि त्यानंतर सवाई गंधर्वांचीच भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. जिवंत गळ्यांनी रात्रभर गायचे आणि अखेरचा शब्द मात्र दिवंगत गुरूच्या खरखरत्या तबकडीला द्यायचा, या प्रथेत जे औचित्य आहे त्याला तोड नाही. आवाज जुना, क्षीण, यंत्राच्या मर्यादेतून आलेला; पण रात्रभराच्या जागरणाने कान इतके हळवे झालेले असत, की ती खरखर कुणाला जाणवतच नसे.

त्याच सुमारास मी कुंदगोळला जाऊन आलो. हुबळीपासून जवळच असलेले हे लहानसे गाव. इथल्या नाडगीर वाड्याशी किराणा घराण्याचा इतिहास बांधलेला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा इथे राबता होता. याच गावात 1936 नंतर तरुण भीमसेन गुरुगृही राहिले, आणि हुबळीहून गंगूबाई हनगल इथे शिकायला येत. या वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ रात्रभराची बैठक होत असे, तिला मी गेलो होतो. पुण्याच्या मांडवाची भव्यता तिथे नव्हती. जुने लाकडी खांब, दाटीवाटीने बसलेले लोक, त्यांच्यात शेतकरीही होते आणि शाळामास्तरही. दाद कानडीतून येत होती. मला त्या भाषेचे चार शब्दही धड येत नव्हते; पण कुठल्या जागेवर दाद आली, हे कळण्यासाठी भाषा लागत नव्हती.

पहाटेच्या सुमारास एका प्रौढ गायकाने ललत सुरू केला. दोन्ही मध्यमांचा तो राग, पंचम नसलेला. पायाखालची एक पायरी काढून घ्यावी तसे त्यात वाटत राहते. माझ्या पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ रात्रभर मान खाली घालून बसले होते. ते झोपले आहेत अशीच माझी समजूत होती. शुद्ध मध्यमावर गायक पहिल्यांदा स्थिरावला तेव्हा त्यांनी मान न उचलता फक्त उजव्या हाताचा पंजा जमिनीवर उलटा ठेवला आणि हळूच उघडला. एवढीच दाद. तो मध्यम त्या तळहातावर ठेवल्यासारखा मला आजही दिसतो. या माणसाने संध्याकाळपासून वाट पाहिली होती ती कदाचित याच स्वराची, आणि मधले आठ तास त्याने वाट पाहण्याचे काम मन लावून केले होते, असे मला तेव्हा वाटले.

वाट पाहणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. रागाची वेळ सूर्याच्या गतीत असते की स्वरांच्या रचनेत, यावर पंडितांनी वाद घालावा. कर्नाटक संगीतात वेळेचा असा काटेकोर पाळ नाही, आणि म्हणून चेन्नईच्या मार्गशीर्षातल्या सभांमध्ये ऐकणाऱ्याला काही कमी मिळते असे कुणी म्हणणार नाही. तेव्हा स्वरांना घड्याळ कळते, असे मानायला आधार थोडा. पण श्रोत्याच्या शरीराला ते नक्की कळते. माझ्यापुरता रागसमयाचा अर्थ एवढाच आहे: ललत पहाटेचा, कारण पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाला तो हवा असतो. राग आणि श्रोता यांची गाठ पडावी म्हणून रात्र श्रोत्याला तयार करत असे, आणि हे काम ती फुकट व सरसकट करत असे. जाणकार असो वा अडाणी, तीन वाजता सगळ्यांचे डोळे सारखेच जड होतात.

पुढे रात्र गेली. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे केंद्राचे नियम 2000 साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. राज्य सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशी काय ती बारापर्यंत मुभा. रमणबागेच्या रात्री आखडल्या. 2018 पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या पटांगणात भरू लागला. भीमसेनजी 2011 मध्ये गेल्यानंतर त्यांचे नावही महोत्सवाच्या नावात आले होतेच. आता दुपारी सुरुवात होते, आणि शनिवारचा अपवाद सोडला तर दहाच्या ठोक्याला माईक बंद होतो.

या नियमाविषयी गानरसिकांत जी हळहळ ऐकू येते, तिच्यात मी पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. पटांगणाच्या भोवती माणसे राहतात. त्यांच्यात आजारी असतात, तान्ही मुले असतात, पहाटेच्या पाळीला जाणारे असतात. आपल्याला अमृत वाटणारा अडाणा त्यांच्या खिडकीतून गोंगाट होऊनच शिरतो. शिवाय रात्रभराच्या मैफलीला कोण येऊ शकत असे, हेही पाहायला हवे. एकट्या बाईला मध्यरात्री घरी परतणे सोपे नव्हते. म्हातारी माणसे इच्छा असून येत नसत. रोजंदारीवरच्या माणसाला दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवणे परवडत नसे. दहाला संपणाऱ्या मैफलीहून शेवटची बस पकडून घरी जाता येते, ही गोष्ट लहान नाही. आणि एक लाभ तर निखळ सांगीतिक आहे. दुपारी सत्रे सुरू झाल्यामुळे मुलतानी, पटदीप, मधुवंती, सारंगाचे प्रकार कानावर पडू लागले. रात्रीच्या महोत्सवात या रागांना जागाच नव्हती. भर दुपारी, उन्हाची तिरीप मांडवात आलेली असताना ऐकलेला मुलतानी मला रात्रीच्या कितीतरी रागांपेक्षा अधिक आठवतो.

तेव्हा प्रश्न कायद्याचा नाही. प्रश्न असा, की रात्र जे काम करत होती, ते आता कोण करते?

याचे एक उत्तर मला किशोरीताई आमोणकरांच्या मैफलींत दिसले होते. त्या तीन-चारदा ऐकण्याचा योग आला. सगळ्या बंदिस्त सभागृहांतल्या, संध्याकाळच्या, कायद्याच्या वेळेत बसणाऱ्या. त्यांच्या शिस्तीच्या, रागलोभाच्या आख्यायिका सर्वश्रुत आहेत. तानपुरे लावण्यात त्या जो वेळ घेत, त्याविषयी श्रोत्यांत कुजबुज होई. मलाही पहिल्या वेळी वाटले होते की हे सगळे आत, ग्रीनरूममध्ये व्हायला काय हरकत आहे? पण पंधरा-वीस मिनिटे गेली आणि सभागृहात काहीतरी बदलले. खोकणे थांबले. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. चार तारांतून गंधार आपसूक उमटू लागला आणि हजारभर माणसे तो ऐकू लागली. गाणे अजून सुरू व्हायचे होते. रमणबागेत जे घडायला सहा तास लागत, ते ही बाई तानपुऱ्याच्या खुंट्या पिळून अर्ध्या तासात घडवत होती. श्रोत्याची तयारी करून घेणे हा त्यांच्या गाण्याचाच भाग होता. त्यांचा तो हट्ट लहरीपणाचा वाटला असेल कुणाला. मला तो रात्रीला शोधलेला पर्याय वाटतो. 2017 मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर असा हट्ट धरण्याचा अधिकारही बराचसा गेला.

दुसरे उत्तर कोलकात्याला मिळाले. तिथली डोव्हर लेन संगीत परिषद 1952 पासूनची, म्हणजे आपल्या सवाईच्याच वयाची. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात नझरुल मंचात ती रात्रभर चालते. मंच बंदिस्त, त्यामुळे दहाचा नियम तिथे आड येत नाही; मुळात नियमाने बंदिस्त सभागृहांना रात्रीची मनाई केलेलीच नाही. मी गेलो त्या रात्री माकडटोप्या घातलेले वृद्ध, थर्मास आणि संदेशचे डबे घेऊन आलेली कुटुंबे, पायरीवर बसून स्वरलिपी लिहिणारी मुले असा सगळा थाट होता. पहाटे चारनंतर एका सतारवादकाने सोहनी छेडली. पूरियाचेच स्वर, पण संध्याकाळी जे आत वळलेले, खाली पाहणारे असतात, ते आता तार षड्जाकडे तोंड करून उभे होते. त्या एका क्षणी मला पुस्तकातले पूर्वांग-उत्तरांग कळले. रात्रभर बसून थकलेल्या माणसाला आता उजाडावे असे वाटत असते. सोहनी म्हणजे त्या वाटण्याचा उच्चार. संध्याकाळी सातला ती वाजवली असती, तर मी तिला द्रुत लयीतला एक चटकदार तुकडा म्हणून टाळ्या दिल्या असत्या.

तिथून बाहेर पडताना, दाट धुक्यात ट्रामची वाट पाहत असताना, एक गोष्ट टोचत राहिली. जे कोलकात्यात होते ते पुण्या-मुंबईत कायद्याने अडवलेले नाही. बंदिस्त सभागृहे आपल्याकडेही आहेत. अडले आहे ते दुसरीकडे. उद्या सकाळी नऊची मीटिंग आहे. मुलांची शाळा आहे. आणि मुख्य म्हणजे, तीन तास दुय्यम वाटणारे गाणे ऐकत चौथ्या तासाची वाट पाहण्याची आता गरजच काय, असे आपल्याला वाटू लागले आहे. हवा तो राग, हव्या त्या गवयाचा, हव्या त्या वेळी खिशातल्या यंत्रावर मिळतो. मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व दोघेही 1992 मध्ये गेले. माझ्या मुलीच्या पिढीने दोघांनाही समोर बसून ऐकलेले नाही, पण तिच्यापाशी त्यांचे जेवढे ध्वनिमुद्रण आहे, तेवढे माझ्यापाशी कधीच नव्हते. ती सकाळी मालकंस ऐकते आणि रात्री तोडी. तिचे काही बिघडलेले नाही. तिचे ऐकणे माझ्याहून व्यापक आहे, तौलनिक आहे. फक्त तिला कधी कुणी थांबायला लावलेले नाही.

आजच्या महोत्सवांची रचनाही थांबायला लावणारी नाही. पाऊण तासाचे गायन, मग निवेदन, सत्कार, शाली-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार, पुन्हा पाऊण तासाचे वादन. पडद्यावर गायकाचा चेहरा इतका मोठा दिसतो, की त्याच्या गळ्याआधी त्याच्या भुवया कळतात. पाऊण तासात ख्याल मांडायचा म्हणजे आलापी आखडते, तान लवकर येते, टाळ्या त्याहून लवकर येतात. यात गायकाचा दोष नाही. दहा वाजायला पाच मिनिटे असताना ज्याला भैरवी गुंडाळावी लागते, त्याच्याकडून कुंदगोळच्या मध्यमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तरी काही जागा उरल्या आहेत. मुंबईत प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या प्रांगणात पंचम निषादची ‘प्रातःस्वर’ मालिका सुरू झाली, तेव्हा एका रविवारी मी पहाटेची लोकल पकडून गेलो होतो. एकच कलाकार, निवेदन जुजबी, आणि सकाळचे राग सकाळी. अर्धवट झोपेतून उठून आलेले लोक, आंघोळीच्या साबणाचा वास, वर कावळ्यांचा कालवा, मागून येणारा वाहनांचा आवाज. भटियार सुरू झाला आणि हळूहळू ऊन वाढत गेले. रात्रभराचे जागरण त्यात नव्हते. पण पहाटे साडेचारला उठून येण्याची थोडी तोशीस होती, आणि तेवढ्याने सुद्धा कान बदललेला होता, हे मला स्पष्ट जाणवले. माणसाने काहीतरी मोजून यावे लागते. तिकिटाचे पैसे या हिशेबात धरायचे नाहीत.

मग संयोजकांना आणि आपल्यासारख्या श्रोत्यांना मागण्यासारखे काय आहे? गेलेल्या रात्री परत द्या, असे नव्हे. त्या ज्यांच्या झोपेवर उभ्या होत्या, त्यांची झोप त्यांना लखलाभ असो. पण पाच दिवसांच्या महोत्सवात एका संध्याकाळी तरी शेवटचे अडीच तास एकाच कलाकाराला, एकाही हाराविना द्यावेत. वर्षातून एक रात्र एखाद्या बंद सभागृहात दोनशे माणसांसाठी पहाटेपर्यंत जागवावी. तिथे येणाऱ्यांत निम्मे लोक पेंगतील, काही जण बाराला उठून जातील, आणि मधल्या काळात गाणे कदाचित बेताचेच होईल. ते होऊ द्यावे. बेताचे गाणे ऐकत बसणे हाही त्या पहाटेच्या ललतचा एक भाग आहे. तो वगळून उरलेला ललत कुठेही मिळतो.